कर्जाचा कागद आहे, कर्जासारखाच वाचा

मी एकतीस वर्षं गटसचिव होतो. अकोला जिल्ह्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जिथलं भूजल खारट आहे अशा भागातल्या, चार-पाच सेवा सहकारी सोसायट्यांचं दप्तर माझ्याकडे असायचं. कमाल मर्यादा पत्रक, सातबाऱ्यावरचा बोजा, जामीनदाराची सही, ३१ मार्चची वसुली, यातच उमेदीची वर्षं गेली. कर्जाचा कागद हातात आला की मी चार गोष्टी आधी बघतो: घेणारा कोण, फेडणारा कोण, मुदत किती, आणि पैसा कशावर खर्च करायचं ठरलं आहे. याच सवयीने मी जागतिक बँकेचे कागद वाचायला शिकलो. ते कसे वाचायचे ते इथे लिहून ठेवतो आहे, कारण आज अशा बँकांचा पैसा पोहोचला नाही असा तालुका शोधावा लागेल. प्रकल्पाचे बोर्ड सगळे बघतात, कागद मात्र कोणी उघडत नाही.

सुरुवात ग्रामसभेत झाली. हवामान अनुकूल शेतीचा प्रकल्प आला होता, नानाजी देशमुख कृषी संजीवनी. शेततळं, ठिबक, शेडनेट, अवजारं, सगळ्याची यादी वाचून झाली. मग मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "हे पैसे सुकडीसारखे फुकट हायेत, का वापस करा लागतेत?" सभेत हशा झाला. मला मात्र हसू आलं नाही, कारण त्या दिवशीचा सर्वांत नेमका प्रश्न तोच होता आणि त्याचं उत्तर तिथे कोणालाच देता आलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. रोजगाराच्या कामावर मिळालेली सुकडी आणि रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी, दोन्ही खाल्ली आहेत. परदेशातून आलेली मदत म्हटली की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे तेच येतं. बोर्डावरचा 'अर्थसहाय्यित' हा शब्दही तोच समज पक्का करतो.

तर उत्तर असं. तो पैसा कर्जाचा आहे. घेणारं भारत सरकार, पुढे ते राज्याकडे जातं, आणि फेड तुमच्या-आमच्या करातून होते. शेतकऱ्याच्या खात्यात अनुदान म्हणून येतं, म्हणून ते वरही अनुदानच आहे असं वाटतं. वर ते कर्ज असतं आणि खाली येताना त्याचं अनुदान होतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे सगळे कागद सोपे होतात.

आधी बँक ओळखा, मग नंबर काढा

'जागतिक बँकेचा पैसा' हे लोक सरसकट म्हणतात. प्रत्यक्षात बँका अनेक आहेत. वॉशिंग्टनची जागतिक बँक, मनिलाची आशियाई विकास बँक (१९६६ पासून), बीजिंगची आशियाई पायाभूत गुंतवणूक बँक (२०१६ पासून), शांघायची ब्रिक्स देशांची न्यू डेव्हलपमेंट बँक (२०१५ पासून). मुंबईच्या मेट्रो ३ मागे जपानची जायका आहे. ती मात्र एका देशाची संस्था आहे, अनेक देशांनी मिळून चालवलेली बँक नव्हे. प्रत्येकीचे नियम वेगळे आणि तक्रारीचं दार वेगळं, म्हणून नाव चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. बोर्ड, शासन निर्णय आणि निविदेची जाहिरात, या तिन्हींपैकी कुठेतरी नाव सापडतंच.

जागतिक बँकेच्या प्रत्येक प्रकल्पाला एक नंबर असतो: 'पी' हे अक्षर आणि पुढे सहा आकडे. कृषी संजीवनीच्या पहिल्या टप्प्याचा नंबर पी१६०४०८. हा नंबर म्हणजे प्रकल्पाचा खातेक्रमांकच समजा. बँकेच्या संकेतस्थळावर प्रकल्पांच्या पानावर तो टाकला की कागदांची यादी उघडते. २०१० सालच्या जुलैपासून बँकेचं धोरण असं आहे की ठरावीक अपवाद सोडले तर कागद उघडेच राहतील. कोणाची परवानगी लागत नाही, फी लागत नाही. माझा पुतण्या मोबाइलवर पान उघडायचा, मी चष्मा लावून वहीत उतरवायचो. इंग्रजी अवघड गेलं तर फोनमधल्या भाषांतरावर काम भागतं. फक्त आकडे आणि तारखा मूळ इंग्रजी पानावर एकदा पडताळून घ्या.

जाड पुस्तक बाजूला ठेवा, करार आधी उघडा

यादीत सगळ्यात जाड कागद असतो तो मूल्यांकन दस्तऐवज, ज्याला त्या लोकांत 'पॅड' म्हणतात. नवखा माणूस तिथून सुरुवात करतो आणि विसाव्या पानावर सोडून देतो. तुम्ही कर्ज करार आधी उघडा. तो आखूड असतो आणि बांधणारा असतो. पॅडमध्ये हेतू असतात, करारात कबुली असते. सोसायटीतही मागणी अर्जात माणूस काहीही लिहितो. आपण धरतो ते करारनाम्याला.

बहुधा दोन करार सापडतील. एक भारत सरकार आणि बँक यांच्यातला कर्ज करार, दुसरा राज्य आणि बँक यांच्यातला प्रकल्प करार. म्हणजे कर्जदार दिल्ली, राबवणारा मुंबई. कर्ज करारात पहिल्या परिशिष्टात प्रकल्पात नेमकं काय काय आहे ते असतं. दुसऱ्यात तो कसा राबवायचा आणि पैसा कोणत्या अटीवर उचलायचा. तिसऱ्यात परतफेडीच्या तारखा. मी दुसरं परिशिष्ट तीनदा वाचतो. कोणत्या कामाला किती रक्कम, आणि कोणती गोष्ट झाल्याशिवाय उचल मिळणार नाही, हे सगळं तिथे असतं.

कृषी संजीवनीचे आकडे उदाहरणाला घेऊ. बँकेचं कर्ज ४२ कोटी डॉलर, राज्याचा वाटा १८ कोटी, एकूण ६० कोटी. करारावर सह्या एप्रिल २०१८मध्ये झाल्या. मुदत २४ वर्षं, त्यातली पहिली ६ वर्षं मुद्दल फेडायचं नाही. व्याप्ती सुरुवातीला १५ जिल्हे आणि पाच हजारांवर गावं. आमच्या खारपाणपट्ट्याची गावं त्यात खास घेतली होती.

याशिवाय दोन लहान खर्च कोणी सांगत नाही, ते बघा. कर्ज घेतानाच एकदा पाव टक्का शुल्क. ४२ कोटी डॉलरवर ते साडेदहा लाख डॉलर होतं. आणि मंजूर होऊनही न उचललेल्या रकमेवर दरसाल पाव टक्का, याला बांधिलकी शुल्क म्हणतात. म्हणजे प्रकल्प रखडला की नुसतं काम रखडत नाही, न वापरलेल्या पैशाचंही भाडं चालू राहतं. कामाला उशीर होतोय असं तुम्ही म्हणालात तर कोणी ऐकणार नाही. 'उशिरामुळे बांधिलकी शुल्क किती पडलं' असं लेखी विचारा, मग फाइल हलते.

आता डॉलरचं गणित, ज्याने मला पहिल्यांदा झोप लागू दिली नाही. समजा एक कोटी डॉलर उचलले तेव्हा दर ६५ रुपये होता. हातात आले ६५ कोटी. फेडायच्या वेळी दर ८५ असेल तर तेच मुद्दल ८५ कोटींचं होतं. आमच्या सोसायटीत कोणी असं कर्ज घेतलं असतं तर संचालक मंडळाने सही केली नसती. पण न्यायाने हेही सांगितलं पाहिजे की डॉलरमधलं व्याज रुपयातल्या व्याजापेक्षा पुष्कळ कमी राहत आलं आहे आणि मुदत लांब असते, त्यामुळे शेवटचा हिशेब तोट्याचाच निघेल असं नाही. मुद्दा असा की हा धोका कोणाच्या डोक्यावर आहे हे माहीत असावं. २००५ पर्यंत महाराष्ट्रासारख्या राज्यांना केंद्राकडून असा पैसा ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के अनुदान म्हणून, रुपयात मिळायचा. बाराव्या वित्त आयोगानंतर तो बँकेच्याच अटींवर जसाच्या तसा राज्याकडे येतो. म्हणजे डॉलर चढला की झळ राज्याच्या तिजोरीला. शिवाय जागतिक बँकेचं जे सवलतीचं खातं, आयडीए, १९६० साली सुरू झालं, त्यातून भारत २०१४ साली बाहेर पडला. आपण आता नेहमीच्या व्याजाचे गिऱ्हाईक आहोत.

मग पॅड, पण मागच्या बाजूने

पॅड हातात घेतलं की शेवटची परिशिष्टं उघडा. तिथे निकालांचा तक्ता असतो: आज किती, प्रकल्प संपेपर्यंत किती, आणि मोजणार कोण. हा तक्ता उतरवून घ्या. यात मी एक गोष्ट शोधतो, मोजमाप कामाचं आहे की फायद्याचं. 'इतक्या शेतकऱ्यांना प्रशिक्षण' हे कामाचं मोजमाप. 'पाण्याच्या एका घनमीटरमागे उत्पन्न' हे फायद्याचं. ज्या प्रकल्पात नुसतं पहिल्या जातीचं मोजमाप भरलेलं आहे, तिथे शेवटी सगळं हिरवं दिसेल आणि शिवार होतं तसंच राहील.

दुसरा तक्ता धोक्यांचा. राजकीय धोका, पैशाच्या व्यवहाराचा धोका, सामाजिक धोका, असे कप्पे आणि समोर चार श्रेणी: जास्त, लक्षणीय, मध्यम, कमी. बँकेच्या माणसांनी आपल्या राज्याच्या कारभाराबद्दल स्वतःच्या मंडळाला काय कळवलं ते इथे कळतं. भाषणात ते कधीच ऐकायला मिळत नाही. पहिल्यांदा वाचल्यावर मला थोडं वाईट वाटलं होतं, पण आपल्या सोसायटीचा तपासणी अहवाल असाच असतो. कडू असला तरी कामाचा.

तिसरी जागा म्हणजे पैसा लाभार्थ्यापर्यंत कसा पोहोचणार त्याचं वर्णन. अनुदान थेट खात्यात येणार असेल तर पुढचं वाक्य शोधा: आधी खर्च कोणी करायचा? बिल जोडल्यावर अनुदान मिळणार असेल तर शेडनेटचा पैसा पहिल्यांदा शेतकऱ्याच्या खिशातून जातो. कागदावर दोन्ही शेतकरी सारखे. पण एकाकडे दोन लाख उभे करायची ऐपत आहे, आणि दुसऱ्याचं पीककर्जच मागच्या हंगामाचं थकलेलं आहे. मी एकतीस वर्षं हा दुसरा माणूस टेबलासमोर बघितला आहे. म्हणून ग्रामसभेत विचारायचा माझा ठरलेला प्रश्न: लाभार्थ्यांच्या यादीत थकबाकीदार किती, बायकांच्या नावावरचे सातबारे किती, दोन हेक्टरच्या आतले किती? ही यादी गावच्या समितीकडे असते आणि ती बघणं गावाचा हक्क आहे.

सहा महिन्यांनी काय कळवलं ते

प्रकल्प चालू असताना बँक साधारण वर्षातून दोनदा प्रगतीचा अहवाल टाकते. त्यात प्रकल्पाला श्रेणी असते. 'समाधानकारक' आणि 'असमाधानकारक' यांच्या मध्ये 'माफक समाधानकारक' आणि 'माफक असमाधानकारक' असे दोन टप्पे असतात. या दोनमधली उडी म्हणजे दिल्लीपासून मंत्रालयापर्यंत फोन वाजण्याची वेळ. म्हणून कोणी माणूस प्रकल्पाला वरून खाली एक पायरी उतरवायला सहज तयार होत नाही, हे ध्यानात ठेवून वाचा. एक अहवाल वाचून काही कळत नाही. पहिला, मधला आणि ताजा असे तीन शेजारी ठेवा.

आणि 'पुनर्रचना' या नावाचा कागद दिसला तर तो आधी वाचा. प्रकल्प चालू असताना उद्दिष्टं कमी केली, मुदत वाढवली, पैसा एका कामावरून दुसऱ्यावर वळवला, ते सगळं त्यात असतं. वसुलीचा टक्का वाढवायचा तर एक मार्ग वसुली करण्याचा आणि दुसरा मागणीच कमी दाखवण्याचा, हे प्रत्येक गटसचिव जाणतो. शेवटच्या अहवालात 'उद्दिष्टाच्या १०० टक्के' वाचलं की मी पुनर्रचनेचा कागद काढून मूळ उद्दिष्ट किती होतं ते बघतो.

बँकेचं पथक येऊन गेल्यावर सरकारशी झालेल्या बोलण्याची टिपणं बहुधा संकेतस्थळावर नसतात. ती माहितीच्या अधिकारात मागा. महाराष्ट्रात जोडपत्र 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत. 'प्रकल्पाची सर्व माहिती द्या' असा अर्ज हमखास परत येतो. 'अमुक महिन्यात आलेल्या पथकाच्या भेटीचं टिपण, प्रत' एवढंच लिहा.

बँकेत मत कोणाचं चालतं

इथे आमच्या गावातले तरुण दोन टोकाला जातात. एक म्हणतो, बँक म्हणजे देवमाणूस; दुसरा म्हणतो, अमेरिकेचं हत्यार. मी म्हणतो, सभासदांची यादी आणि भागभांडवल बघा. सोसायटीत एक सभासद एक मत. जागतिक बँकेत जितके भाग तितकी मतं. अमेरिकेकडे सुमारे १६ टक्के, भारताकडे सुमारे ३. मूळ घटना बदलायला ८५ टक्के लागतात, म्हणजे एकटी अमेरिका 'नाही' म्हणाली की विषय संपला. अध्यक्ष आजवर अमेरिकेचाच नागरिक झाला आहे. आताचे अजय बंगा पुण्याच्या खडकीत जन्मले, याचा आपल्याला आनंद असावा. पण ते त्या खुर्चीत बसले ते अमेरिकेचे उमेदवार म्हणून. मनिलाच्या बँकेचा अध्यक्ष नेहमी जपानी. शांघायच्या बँकेत पाच संस्थापक देशांना सारखे भाग दिले, ही नवी गोष्ट. तिचे पहिले अध्यक्ष के. व्ही. कामत.

पहिल्या दिवशी आपला माणूसही त्या खोलीत होता, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९४४ साली ब्रेटन वुड्सला ही बँक ठरली, तेव्हा हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात चिंतामणराव देशमुख होते, महाडजवळच्या नाते गावचे, त्या वेळी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर. देश पारतंत्र्यात असतानाही आपण संस्थापक सभासद झालो. पाच वर्षांनी, १९४९मध्ये, पहिलं कर्ज मिळालं ते रेल्वेसाठी, ३.४ कोटी डॉलर.

बँकेच्या घटनेत स्पष्ट लिहिलं आहे की तिने सभासद देशाच्या राजकारणात पडू नये, निर्णय फक्त आर्थिक कारणांवर घ्यावा. आणि तरी मे १९९८मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या तेव्हा अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांच्या आग्रहामुळे भारताची कर्जं पुढे ढकलली गेली. वीज, रस्ते थांबले. 'माणसाच्या मूलभूत गरजां'ची कामं मात्र चालतील असं ठरलं, आणि जूनमध्ये आंध्र प्रदेशाचं मोठं कर्ज मंजूरही झालं. म्हणजे एखादं कर्ज मूलभूत गरजेचं की नाही, या शब्दावर राज्याचं भवितव्य टांगलेलं होतं. त्याही आधी, ६ जून १९६६ला रुपया ४.७६ वरून ७.५० वर आणला गेला, त्यामागे बँकेचा आणि मदत देणाऱ्या देशांचा आग्रह होता. त्या बदल्यात कबूल झालेली मदत पुढच्या वर्षांत पूर्ण आलीच नाही. माझे वडील त्या वर्षाबद्दल एवढंच सांगायचे की खताचा भाव एका हंगामात वर गेला तो खाली आला नाही.

हे राजकारण तुमच्या गावच्या कामाला कसं लागतं? असं की तुमच्या शेततळ्याची मोजणी ज्या अहवालात जाते तो पंचवीस संचालकांच्या टेबलावर जातो आणि प्रत्येकाला त्याच्या देशातून विचारणारे असतात. भारताचा संचालक बांगलादेश, भूतान आणि श्रीलंकेच्याही वतीने बसतो. त्यामुळे एका गावातून नीट लिहिलेलं पत्र जितकं दूर पोहोचतं तितकं मंत्रालयाच्या आवक-जावक खिडकीतून कधीच पोहोचणार नाही. नर्मदेने ते दाखवून दिलं.

तक्रारीचं दार कुठून आलं

सरदार सरोवराला जागतिक बँकेने १९८५मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले. महाराष्ट्रातली ३३ गावं बुडणार होती, अक्कलकुवा आणि अक्राणीतली, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात. मणिबेली सगळ्यात आधी पाण्याखाली येणारं. आदिवासींच्या बऱ्याच जमिनींना कागदच नव्हता आणि पुनर्वसन कागदावर मोजलं जात होतं. लोक हटले नाहीत. शेवटी बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. जून १९९२च्या अहवालात समितीने सांगितलं की बँकेने मागे सरावं. ऑक्टोबरमध्ये संचालक मंडळात अमेरिका, जपान, जर्मनी यांसारख्यांचा विरोध असूनही काम चालू ठेवायचं ठरलं, सहा महिन्यांच्या अटींवर. त्या अटी पुऱ्या होत नाहीत हे दिसल्यावर मार्च १९९३ अखेर भारत सरकारने उरलेलं कर्जच सोडून दिलं. धरण थांबलं नाही, स्वतःच्या पैशाने पुढे गेलं. मणिबेलीला जे हवं होतं ते मिळालं नाही. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकेला तपासणी मंडळ स्थापावं लागलं, जिथे जगातल्या कुठल्याही गावातली माणसं थेट दाद मागू शकतात. ते दार सातपुड्यातल्या लोकांच्या किमतीवर उघडलं आहे. म्हणून मला ते कोणी न वापरलेलं बघवत नाही.

मुंबईकरांनी ते वापरलं. नागरी परिवहन प्रकल्पाला २००२मध्ये बँकेचं कर्ज मिळालं. रेल्वेमार्ग आणि जोडरस्त्यांसाठी लाखाच्या वर माणसं हलवायची होती. कुर्ल्याच्या दुकानदारांनी आणि रहिवाशांनी २००४मध्ये तक्रारी केल्या. मोठं दुकान असो की लहान, बदल्यात २२५ चौरस फूटच. आणि जागा धंद्यापासून लांब. मंडळाने चौकशी केली, डिसेंबर २००५मध्ये अहवाल आला, आणि मार्च २००६मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचा पैसा काही महिने रोखला. दुकानदारांच्या पत्रावर उचल थांबली, हे मी सोसायटीच्या मंडळींना सांगितलं तेव्हा त्यांना खरं वाटेना.

खासगी कंपनीला दिलेल्या कर्जाचं दार वेगळं आहे. गुजरातच्या मुंद्र्यातल्या औष्णिक वीजप्रकल्पाला जागतिक बँक गटातल्या आयएफसीने ४५ कोटी डॉलर दिले होते. तिथल्या मच्छीमारांनी आधी आयएफसीच्या लोकपालाकडे आणि मग अमेरिकेच्या न्यायालयात धाव घेतली. फेब्रुवारी २०१९मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध १ मतांनी म्हटलं की अशा संस्थांना खटल्यापासून संपूर्ण संरक्षण नाही. पुढे खालच्या न्यायालयांत दावा टिकला नाही. तेव्हा कोर्टाची वाट लांब आहे हे धरून चाला.

पत्र कसं लिहायचं

तपासणी मंडळाला पत्र लिहायला दोन बाधित माणसं पुरतात. नमुना अर्ज नाही, वकील लागत नाही, मराठीत लिहिलं तरी चालतं, आणि नावं गुप्त ठेवायला सांगता येतात. एक अट: आधी बँकेच्या लोकांना कळवलेलं असलं पाहिजे. म्हणून क्रम असा ठेवा. पहिलं पत्र जिल्ह्यातल्या प्रकल्प कक्षाला. दुसरं राज्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. तिसरं बँकेच्या दिल्लीच्या कार्यालयाला. मंडळ त्यानंतर. प्रत्येकाची पोहोच घ्या, स्पीड पोस्टाची पावती पत्राच्या प्रतीलाच टाचा.

आमच्या भागात बाहेरच्या कर्जाचा एक रस्ता रुंद झाला तेव्हाची गोष्ट. फाट्यावर एका विधवा बाईची चहाची टपरी होती, अठरा वर्षांपासून. जागा सरकारी. मोजणीवाल्यांनी सांगितलं, सातबारा नाही, मोबदला नाही. ती माझ्याकडे आली तेव्हा मलाही वाटलं ते बरोबर आहे, कारण माझं सगळं आयुष्य सातबाऱ्यावर गेलेलं. मग आम्ही त्या प्रकल्पाच्या पुनर्वसनाचा कागद उघडला. या बँकांच्या नियमात ज्याच्याकडे जमिनीचा हक्क नाही त्यालाही जागेवरच्या बांधकामाची भरपाई आणि हलण्यासाठी साहाय्य द्यायचं असतं, फक्त ठरवलेल्या तारखेच्या आधीपासून तो तिथे असला पाहिजे. आमच्या देशाच्या कागदापेक्षा तो कागद त्या बाईच्या बाजूने जास्त होता. हे मान्य करायला मला जड गेलं, पण खरं आहे.

पत्र बारा ओळींचं होतं. पहिल्या दोन ओळींत प्रकल्पाचं नाव आणि नंबर. मग ती कोण, कधीपासून, पुरावा काय; आम्ही वीजबिल आणि जुन्या मतदार यादीची नक्कल जोडली. मग पुनर्वसन कागदातला परिच्छेद, त्याच्या क्रमांकासह, जसाच्या तसा. मग एक मागणी: टपरीची भरपाई आणि हलण्याचा खर्च. अन्याय, गरीब, कृपा यातला एकही शब्द नाही. पहिल्या कार्यालयाने उत्तर दिलं नाही. दुसऱ्या पत्रानंतर मोजणीवाले परत आले आणि यादीत तिचं नाव चढलं. तिच्याबरोबर आणखी सात टपऱ्यांचं.

नव्या प्रकल्पांत मंडळाकडे तक्रार कर्ज बंद झाल्याच्या तारखेनंतर १५ महिन्यांपर्यंत करता येते. आशियाई विकास बँकेत ही मुदत दोन वर्षांची आहे. बंद होण्याची तारीख कर्ज कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असते, आणि पुनर्रचनेत ती बदललेली असू शकते. ती तारीख आजच काढा आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, प्रकल्पाच्या नंबरशेजारी, खडूने लिहून ठेवा.